पहिली मोठी ऑर्डर आली? पार्सल निघण्याआधी हे वाचा

ऑनलाइन विक्री सुरू केल्यावर पहिले काही आठवडे दुकान सुनंच असतं. नेमका त्याच काळात एक ग्राहक उगवतो. तो भाव करत नाही, सगळ्यात महागडी वस्तू निवडतो आणि तिचे तीन-चार नग एकदम मागतो. माप विचारत नाही, वॉरंटीबद्दल चकार शब्द काढत नाही. विचारतो ते एकच, पार्सल आजच निघेल ना? खात्यावर एकही रिव्ह्यू नाही म्हणजे विक्रेता नवखा, हे त्याने आधीच हेरलेलं असतं. पहिली ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून नवा माणूस प्रश्न विचारायला कचरतो, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं.

ऑर्डर ठरली की थोड्याच वेळात पेमेंट कंपनीच्या लोगोचा ईमेल येतो. रक्कम बरोबर, मालाचं नावही बरोबर. खाली लिहिलेलं असतं की पैसे जमा झालेत, पण होल्डवर आहेत. ट्रॅकिंग नंबर कळवला की मोकळे होतील. सगळी मेख या ओळीत आहे. खात्यात काहीच दिसत नाही, हा प्रश्न पडण्याआधीच तिने त्याचं उत्तर देऊन ठेवलेलं असतं. खरे प्लॅटफॉर्मही नव्या विक्रेत्याचे पैसे काही दिवस रोखतात, म्हणून थाप पटते. पण खरी रोखलेली रक्कम तुमच्या डॅशबोर्डवर ‘प्रलंबित’ म्हणून दिसते. बनावट रक्कम फक्त ईमेलमध्ये असते. म्हणून ईमेलमधल्या लिंकवर न जाता ॲप उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा आणि तिथे नोंद बघा. पाठवणाऱ्याचं नाव काय दिसतं याला काडीचीही किंमत नाही, कारण ते कुणीही काहीही ठेवू शकतं. पेमेंटच्या स्क्रीनशॉटचंही तेच.

दुसरा डाव यापेक्षा घातक, कारण यात पैसे खरोखर जमा होतात. शंभराच्या मालाला दीडशे येतात, मग मेसेज येतो: चुकून जास्त गेले, वरचे पन्नास अमुक खात्यावर पाठवा. पेमेंट चोरीच्या कार्डाने केलेलं असतं. खऱ्या कार्डधारकाच्या लक्षात आलं की तो आपल्या बँकेकडे तक्रार करतो आणि पूर्ण दीडशे उलटे फिरतात. यालाच चार्जबॅक म्हणतात. तुम्ही पाठवलेले पन्नास मात्र वेगळा व्यवहार ठरतात, ते परत येत नाहीत. माल पाठवला असेल तर तोही गेला, वर चार्जबॅकची फी लागते. जास्त आलेले पैसे परत करायचेच असतील तर ज्या व्यवहारातून आले त्याच व्यवहारावर गेटवेमधून (ग्राहकाचं ऑनलाइन पेमेंट तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या सेवेतून) रिफंड द्या. ग्राहक दुसरं खातं देत असेल तर ऑर्डरच रद्द करून सगळी रक्कम तशीच परत फिरवा.

सेवा विकणाऱ्यांसाठी याच डावाला वेगळा वेश चढवतात. वेबसाइट किंवा डिझाइनचं मोठं काम देऊ करणारा क्लायंट म्हणतो, मला फोनवर बोलता येत नाही, मजकूर आणि फोटो आमच्या सल्लागाराकडे आहेत, तो कार्ड घेत नाही. तुम्ही माझ्या कार्डावर त्याचे पैसेही लावा आणि त्याला पाठवा. तो सल्लागार म्हणजे त्याचाच माणूस. तिसऱ्याला पैसे पोचते करायची अट आली की बोलणं तिथेच थांबवा, काम कितीही मोठं असो. ‘माझा कुरिअरवाला येईल, त्याचं भाडं तुम्ही भरा’ हाही तोच खेळ.

चार्जबॅकची मुदत फार लांब असते, हे नव्या विक्रेत्यांना कुणी सांगत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच तक्रारींना साधारण १२० दिवस मिळतात. म्हणजे पैसे बँकेत उतरले, खर्चही झाले, तरी ते पक्के झाले असं नाही. ओटीपीने पडताळलेल्या कार्ड व्यवहारात, कार्ड माझं चोरलं होतं अशी तक्रार आली तर जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. म्हणून गेटवेमध्ये ही पडताळणी चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा. ऑर्डर झाल्यावर ‘दुसऱ्या पत्त्यावर पाठवा’ असा मेसेज आला तर पाठवू नका. व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावर पोचल्याचा पुरावा नसेल तर विक्रेता संरक्षण, म्हणजे वादात प्लॅटफॉर्मकडून विक्रेत्याला मिळणारी भरपाईची हमी, सहसा मिळत नाही. ऑर्डर रद्द करा आणि नव्या पत्त्याने पुन्हा करायला सांगा.

रिटर्नमध्ये खोक्यातून भलतंच काही येणं हे नेहमीचं दुखणं. पॅकिंग करताना सीरियल नंबर, वस्तू आत जाताना, टेप लागताना आणि वजनकाट्यावरचा आकडा हे सगळं एकाच सलग व्हिडिओत घ्या; तुकडे जोडलेला व्हिडिओ वादात टिकत नाही. परत आलेलं पार्सलही कॅमेऱ्यासमोर, लेबल दाखवूनच उघडा. गेलेलं आणि आलेलं वजन जुळत नसेल तर कुरिअरची नोंद तुमच्या बाजूने बोलते.

आणि पैसे घेण्यासाठी कधीही पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन आकडे लागत नाहीत. कुणी मागितले तर तो पैसे द्यायला नव्हे, न्यायला आलाय.

फसल्याचं कळलं तर आधी कुरिअरला फोन करा. पार्सल पोचलं नसेल तर अनेकदा वाटेतून परत बोलावता येतं. मग बँक, प्लॅटफॉर्म आणि पोलीस. चॅट डिलीट करू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी सगळे मेसेज आणि त्याचं प्रोफाइल साठवून घ्या. चार्जबॅकची नोटीस आली असेल तर उत्तराची तारीख आधी बघा, ती उलटली की पुरावा असूनही दावा हातचा जातो. यानंतर काही दिवसांनी ‘गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी आगाऊ भरा’ असा फोन येण्याची दाट शक्यता असते. तो करणाऱ्याला तुमचं नाव आणि गेलेली रक्कमही माहीत असते, कारण फसलेल्यांच्या याद्या या टोळ्या एकमेकांना विकतात.