शांतिसेनेतील राजकीय विश्लेषक होण्यासाठीचा नौपाड्यातील वर्ग

संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांमध्ये राजकीय विश्लेषक म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांसाठी ठाण्यात, नौपाड्यात, शनिवार-रविवारी चालणारा एक मार्गदर्शन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. त्यातील लेखनाचा सराव खरोखरच उत्तम आहे. एखाद्या भागातील गस्तीचे अहवाल, स्थानिक नेत्यांची वक्तव्ये आणि बाजारभाव असा पसारा हाती देऊन काय घडले, त्याचा अर्थ काय आणि पुढे काय होऊ शकते, एवढेच अर्ध्या पानात मांडायला सांगतात. दक्षिण सुदानच्या मोहिमेत काम करून आलेले सर त्यातले प्रत्येक विशेषण लाल शाईने खोडतात. (माझे पहिले टिपण जवळपास लालच झाले होते.)

पी-३ म्हणजे संयुक्त राष्ट्रांतील मधल्या व्यावसायिक दर्जाच्या पदासाठी पदव्युत्तर पदवीसह साधारणपणे ५ वर्षांचा अनुभव लागतो, हे ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, हा प्रामाणिकपणा मला आवडला.

छापील टिपणे मात्र जुनी आहेत. सुरक्षा परिषदेने जून २०२३ मध्ये गुंडाळण्याचा निर्णय घेतलेली मालीतील मोहीम त्यांत अजून चालूच आहे! इंग्रजीबरोबर फ्रेंच ही सचिवालयाची कामकाजाची भाषा असूनही तिच्यासाठी एकही तास नाही, आणि एवढे शुल्क घेतल्यावर ही उणीव खटकते. प्रवेशापूर्वी लेखनाचा एक तास बसून पाहू देतात, तो जरूर मागून घ्यावा.