महापालिकेच्या शाळेतनं थेट सीबीएसई सहावीत, एका आईचा रिव्ह्यू

शाळेचं नाव टाकत नाही, कारण चांगलं वाईट दोन्ही लिहिणार आहे आणि पोरगी अजून तिथंच शिकतेय. विनाअनुदानित, सीबीएसई, अभ्यासाला कडक म्हणून कोल्हापुरात नाव असलेली शाळा, एवढंच.

पोरगी पाचवीपर्यंत महापालिकेच्या शाळेत होती, सेमी इंग्लिश. यावर नाक मुरडणारे बहुतेक बाहेरगावचे, जरगनगरच्या विद्यामंदिरात, म्हणजे महापालिकेच्याच शाळेत, पहिलीला नंबर लागावा म्हणून पालक रात्रीपासून रांगेत बसतात हे ज्यांनी बघितलंय ते गप्प असतात. तिच्या बाईंनी स्कॉलरशिपच्या परीक्षेची तयारी जादा तास घेऊन एक रुपया न घेता करून घेतली, पाया तिथला आहे. मग बदलली कशाला, तर लॅब आणि लायब्ररीसाठी, आणि पुढं इंग्रजीतनंच शिकायचं तर दहावीनंतर एकदम धक्का नको म्हणून.

आधी व्यवहाराचं सांगते. आरटीईतनं (शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत राखीव जागांवर) सहावीत होईल का असं मला सारखं विचारतात, तर नाही, त्या २५ टक्के जागा पहिली किंवा त्याआधीच्या एन्ट्री लेव्हलला असतात, मध्येच घुसता येत नाही. म्हणजे पूर्ण फी. जुन्या शाळेत पुस्तकं फुकट, पोषण आहार फुकट, इथं वह्यांपासनं सॉक्सपर्यंत सगळं विकत आणि तेही "आमच्याकडची लिस्ट घेऊन त्या दुकानात जा" पद्धतीनं. एकाच दुकानाची सक्ती करता येत नाही असा शासनाचा नियम आहे, तो ऑफिसात बोलून दाखवल्यावर "कंपल्सरी नाहीये मॅडम" म्हणाले, पण तो युनिफॉर्म दुसरीकडं मिळतच नाही तर काय करणार.

दुसरं म्हणजे एप्रिल. सीबीएसईचं वर्ष एप्रिललाच चालू होतं आणि आपल्याकडं पाचवीची वार्षिक परीक्षा एप्रिलभर रेंगाळते, परत आता पाचवी पास व्हावीच लागते, त्यामुळं इकडं भूगोलाचा पहिला धडा झाला तरी पोरगी तिकडं मराठीचा पेपर लिहित होती. दाखला निकालानंतर. शाळेनं यात समजून घेतलं, दाखला येईपर्यंत थांबले, जूनमध्ये बुडालेलं परत शिकवलं, यासाठी मनापासनं थँक्यू.

आता मेन मुद्दा, अभ्यास. मला वाटलेलं इंग्रजी अडवेल, तर तसं नाही, अडवलं ते लिहिण्यानं. तिला सवय स्कॉलरशिपच्या परीक्षेची, तिथं एका पेपरला ७५ प्रश्न, १५० मार्क, चार पर्याय, गोल काळा केला की पुढं. पोरगी गणित डोक्यात करते आणि उत्तर बरोबरच असतं. इथं पहिल्या युनिट टेस्टला तेच बरोबर उत्तर लिहून मार्क मात्र निम्मे, कारण स्टेप्स नाहीत, का आणि कसं ते लिहिलेलं नाही. सायन्सला "असं का होतं" विचारलं की तिला माहीत असतं पण कागदावर तीनच शब्द. सोशल सायन्सचं तर विचारूच नका, चौथीत शिवरायांचा सगळा इतिहास घडाघडा सांगणारी पोरगी अक्षांश रेखांश इंग्रजीत बघून रडायला लागली.

आणि इथंच शाळेला मी फुल मार्क देते. गणिताच्या मॅडमनी तिला वेगळी वही दिली, रोज एकच उदाहरण, आधी मराठीत तोंडानं सांगायचं मग इंग्रजीत पायरी पायरीनं लिहायचं. वर्गात तिला कधी "म्युनिसिपालिटीची" म्हणून हिणवलं नाही, उलट तोंडी हिशोबाला तिलाच उभी करतात. दुसऱ्या टर्ममध्ये फरक दिसायला लागला. लॅबमध्ये थर्मामीटर, मोजपट्टी पोरांच्या हातात देतात, रीडिंग त्यांनीच घ्यायचं, चुकलं तर परत घ्यायचं. लायब्ररीतनं दर आठवड्याला पुस्तक घरी येतं, मराठी पुस्तकांचं कपाट मात्र केविलवाणं आहे.

पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळाची फुटबॉल टीम नव्हे, पालकांची मीटिंग) इंग्रजीत चालू होते. आमच्या ह्यांनी सरळ कोल्हापुरीत विचारलं, सर पोरगीचं काय चाललंय ते सांगा की, तर सरांनीही हसून मराठीतच सगळं सांगितलं. घाबरू नका. आकडा बघायचा नाही, पेपर उघडून कुठं मार्क गेले ते बघायचं, ते दाखवतात.

वाईट म्हणजे व्हॅन. मिरजकर तिकटीला उभं राहायचं, कधी वेळेवर, कधी फोनच नाही उचलत, आणि शाळा म्हणते व्हॅन आमची नाही. होमवर्क पण जास्तच, खेळायला संध्याकाळ उरत नाही, आणि कोल्हापुरात पोरांना खेळायला वेळ नाही म्हणजे अवघडच.

कुणी विचार करत असाल तर पाचवीच्या सुट्टीत इंग्रजी स्पीकिंगचे क्लास लावण्यापेक्षा रोज एक गणित स्टेप्ससकट आणि चार ओळींचं एक उत्तर लिहून घ्या, मराठीत लिहिलं तरी चालेल. ॲडमिशनच्या वेळी मागच्या वर्षी सरकारी शाळेतनं आलेल्या पोरांचे पालक कोण ते विचारा आणि त्यांना गाठा.

पाचपैकी चार स्टार, एक व्हॅननं आणि दुकानानं मिळून खाल्ला. धाकटा दुसरीत आहे, त्याला पाचवीपर्यंत महापालिकेतच ठेवणार आणि सहावीला इथं.