विषय शिकवतानाच अंतरंगाची मशागत : प्राथमिक शिक्षकांसाठीच्या एका कार्यशाळेविषयी

प्राथमिक शाळेतील रोजच्या विषयांतून मुलांचा आत्मिक विकास कसा साधावा, या विषयावर पुण्यातील एका शिक्षणसंस्थेने दिवाळीच्या सुटीत घेतलेल्या तीन दिवसांच्या निवासी कार्यशाळेला मी गेले होते. शुल्क २,४०० रुपये होते आणि त्यात राहणे, जेवण, एक हस्तपुस्तिका व शैक्षणिक साहित्याची पेटी यांचा समावेश होता. मी एका अनुदानित मराठी शाळेत चौथीचा वर्ग शिकवते आणि माझ्या वर्गात ३४ मुले आहेत. परत आल्यावर चार महिने मी तेथील पाठ वर्गात घेऊन पाहिले आणि मगच हा अभिप्राय लिहायला बसले, कारण अशा कार्यशाळेचे खरे मोल समारोपाच्या दिवशी कळत नाही, ते फळ्यासमोर उभे राहिल्यावर कळते.

पहिल्याच सत्रात एका जिल्हा परिषद शाळेच्या सरांनी सर्वांच्या मनातला प्रश्न विचारला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, मग ‘आत्मिक विकास’ हा शब्द तिथे उच्चारायचा तरी कसा? मार्गदर्शक बाईंनी हा प्रश्न टाळला नाही. कोणता देव, कोणता ग्रंथ, कोणती उपासना हा आपला विषयच नाही, असे सांगून त्यांनी चार गोष्टी पुढे ठेवल्या : मुलाला विस्मय वाटणे, त्याला स्वस्थ बसता येणे, ‘मी कोण, माझी जागा कोणती’ असा प्रश्न पडणे आणि दुसऱ्याच्या जिवाशी आपला जीव जोडलेला आहे याची जाणीव होणे. ही मांडणी मला मनापासून पटली. परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार झाला की अंतरंगाचे काम संपले आणि पहिल्या तासाला खरा अभ्यास सुरू झाला, अशी जी वाटणी आपण शाळांमधून नकळत करून ठेवली आहे, तिलाच त्यांनी हात घातला होता.

कार्यशाळेतील सर्वांत समृद्ध भाग परिसर अभ्यासाचा होता आणि तो इटालियन शिक्षणतज्ज्ञ डॉ. मारिया माँटेसरी यांच्या भारतातील कामावर आधारलेला होता. १९३९ मध्ये त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना काही काळ आपल्या अहमदनगरला स्थानबद्ध करून ठेवले. त्यानंतर कोडाईकनालच्या मुक्कामात मायलेकांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी जी शिक्षणपद्धती आकाराला आणली, ती ‘विश्वशिक्षण’ म्हणून ओळखली जाते. विश्वाचा उगम, सजीवांचे येणे, माणसाचे येणे, लिपीची कथा आणि संख्यांची कथा अशा पाच मोठ्या कथा मुलांना आधी सांगायच्या आणि भूगोल, विज्ञान, भाषा, गणित हे सारे विषय त्या कथांच्या फांद्या म्हणून उलगडायचे, असा तिचा गाभा आहे. बालवाडीच्या संदर्भात माँटेसरींचे नाव महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यामुळे घरोघरी पोचले, परंतु माँटेसरींच्या विचाराचा हा प्राथमिक शाळेचा भाग आपल्याकडे फारसा कोणी शिक्षकांपर्यंत आणलेला नाही. या एका गोष्टीसाठी मी संस्थेची ऋणी आहे.

पेटीत त्यासाठी तीस मीटर लांबीची काळ्या कापडाची गुंडाळी होती आणि तिच्या अगदी टोकाला एक सेंटिमीटरची पांढरी पट्टी शिवलेली होती. काळे कापड म्हणजे पृथ्वीचे वय, पांढरे टोक म्हणजे माणसाचा काळ. आमचा व्हरांडा पुरेना, म्हणून मी ती गुंडाळी मैदानावर नेली. दोन मुले ती उलगडत पुढे चालली आणि बाकीची कडेने, हळूहळू गप्प होत गेली. कोटीचा आकडा चौथीच्या मुलांना लिहिता येत नाही, म्हणून हिशेब मी मांडला आणि तो आम्ही मिळून वाचला : पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे धरले, तर एक मीटर म्हणजे १५ कोटी वर्षे, एक सेंटिमीटर म्हणजे १५ लाख आणि एक मिलिमीटर म्हणजे दीड लाख वर्षे. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर आला त्याला सुमारे तीन लाख वर्षे झाली, म्हणजे त्या पांढऱ्या टोकातलेही दोनच मिलिमीटर आपले. एक मुलगी उकिडवी बसली, तिने नखाने ते दोन मिलिमीटर झाकले आणि विचारले, ‘‘बाई, शिवाजी महाराजसुद्धा ह्याच्यातच?’’ मी होय म्हटले. थोड्या वेळाने ती पुटपुटली, ‘‘आणि माझी आजीपण.’’ कार्यशाळेत आम्हाला बजावले होते की या पाठानंतर शिक्षकाने निष्कर्ष सांगायचा नाही, काही लिहून द्यायचे नाही, पाच मिनिटे नुसते बसू द्यायचे. ती सूचना किती मोलाची होती ते मला त्या मैदानात कळले. पंधरा वर्षांच्या नोकरीत माझा वर्ग असा आपणहून शांत झालेला मी पाहिला नव्हता.

गणिताचे सत्रही तितकेच कसदार होते. चौथीला अपूर्णांक येतात आणि आपण ते छायांकित चौकटींवरून शिकवतो. तिथे भाकरी घेऊन शिकवले. अर्धी, पाव, अर्धा पाव असे करत प्रत्येक वेळी उरलेल्या तुकड्याचा अर्धा भाग शेजाऱ्याला द्यायचा आणि भाकरी संपते कधी ते पाहायचे. माझ्या वर्गात सुरी चालेना इतका तुकडा लहान झाल्यावरही मुले कागदावर पुढे भाग पाडत राहिली आणि एका मुलाने, जो एरवी गणिताच्या तासाला मान वर करत नाही, अगदी गंभीरपणे म्हटले की बाई, शून्य कधीच येणार नाही, आपण मोठे झालो तरी येणार नाही. अनंताची कल्पना मुलाला अशी आपल्या हाताने सापडावी, याहून अधिक आत्मिक असे प्राथमिक गणितात मला दुसरे काही सुचत नाही. त्या तासाला मी ‘वाटून खावे’ हा उपदेश जोडला नाही, आणि तो जोडायचा मोह आवरणे हेच या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे.

दुर्दैवाने भाषेच्या सत्रात नेमका तोच मोह आवरला गेला नाही. कविता वाचून झाल्यावर दोन मिनिटे मौन पाळायला सांगितले, ते योग्यच होते. पण त्यानंतर ‘या कवितेतून तुम्ही कोणता गुण घ्याल?’ हा प्रश्न हस्तपुस्तिकेत जवळजवळ प्रत्येक कवितेखाली छापलेला आहे. मौनात मुलाच्या मनात जे हलले असेल, ते या प्रश्नाने पुन्हा ठरावीक उत्तरात कोंबले जाते. मी आता तो प्रश्न गाळते आणि त्याऐवजी कवितेतील कोणती ओळ पुन्हा ऐकावीशी वाटते एवढेच विचारते. चित्रकला आणि खेळ यांची सत्रे घाईत उरकली, त्यांविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही.

माझा मोठा आक्षेप आहे तो पंचकोशांच्या, म्हणजे माणसाच्या अस्तित्वाचे अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय असे जे पाच थर मानले जातात त्यांच्या तक्त्याला. पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोश विकासाची संकल्पना घेतलेली आहे, हे खरे. परंतु तो आराखडा तीन ते आठ वर्षांच्या, म्हणजे दुसरीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. इथे तो पाचवीपर्यंत ताणून प्रत्येक विषयाला एकेक कोश वाटून दिला होता : खेळ अन्नमय, गणित विज्ञानमय, संगीत आनंदमय. भाकरीच्या त्या एका तासात भूक, हात, मन, बुद्धी आणि आनंद हे सारे एकत्र होते. तो तास कोणत्या रकान्यात लिहायचा? मुळात ही कल्पना ज्या तैत्तिरीय उपनिषदातली आहे, त्यात भृगू ब्रह्म म्हणजे काय ते विचारायला आपल्या पित्याकडे, वरुणाकडे, पुन्हा पुन्हा जातो, आणि पिता त्याला उत्तर न देता दर वेळी ‘तप कर, तू स्वतः जाणून घे’ म्हणून परत पाठवतो. अन्न, प्राण, मन, विज्ञान आणि आनंद या पायऱ्या त्या मुलाला स्वतःला सापडतात. शिकवण्याची इतकी सुंदर रीत त्या कथेत असताना तिचा विषयवार तक्ता करावा, याचे मला फार वाईट वाटले.

त्याहून चुकीची गोष्ट म्हणजे पेटीतले मूल्यमापन पत्रक. प्रत्येक मुलाच्या ‘शांतता’, ‘करुणा’ आणि ‘कृतज्ञता’ यांसमोर एक ते पाच तारे रंगवायचे आणि ते पालकांना दाखवायचे, अशी सूचना त्यावर आहे. ज्या मुलाच्या घरी रात्री भांडणे होतात, ते मूल सकाळी शांत बसू शकत नाही. त्याला दोन तारे द्यायचे का? मी ती पत्रके कोरीच परत पाठवली आणि सोबत कारण लिहिले. दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवूनही उत्तर आलेले नाही. आपल्या शाळांतील वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींची सोय आहेच, आणि मैदानावरच्या त्या मुलीच्या नावासमोर मी ‘पट्टीपाशी बराच वेळ बसली’ एवढे लिहिले आहे. मला ते पुरेसे वाटते.

राहण्याची सोय साधी पण स्वच्छ होती, जेवण उत्तम होते आणि मार्गदर्शक बाईंचा अभ्यास दांडगा होता. साहित्यातील कापड टिकाऊ आहे. केवळ पांढऱ्या टोकाची शिवण उसवली होती, ती मी पुन्हा घातली. तिसरी ते पाचवीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी ही कार्यशाळा अवश्य करावी, पहिली-दुसरीच्या शिक्षकांना मात्र तिथे फारसे हाती लागणार नाही. शक्य असेल तर शाळेतील आणखी एका सहकाऱ्याला बरोबर न्यावे, कारण मैदानावर तीस मीटरची गुंडाळी उलगडायला आणि नंतरची पाच मिनिटे शेजारच्या वर्गाचा गलबला थांबवायला दोन माणसे लागतात.