ताळा जुळतो, पण शोधावा लागतो

बेसबॉलचे निकाल आणि आकडे दाखवणारं हे ॲप मी पैसे भरून एक अख्खा मोसम वापरलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत. मी वीस वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरबुक भरलंय. त्यामुळे सामना कोण जिंकलं याच्या आधी माझी नजर जाते ती ताळा जुळला का, याकडे. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर एकूण. तो जुळेपर्यंत आम्ही स्कोअरर मंडळी चहालाही उठत नाही.

बेसबॉलच्या बॉक्स स्कोअरलाही, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यालाही, असाच ताळा आहे. ॲपने हे कुठे सांगितलं नाही, कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर मला उमगलं. प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, जितके बॅटर आले, ते एकतर धाव काढून परतले, नाहीतर बाद झाले, नाहीतर इनिंग संपताना बेसवरच अडकले. चौथी वाट नाही.

जुने सामने हे या ॲपचं खरं धन. मी पहिल्यांदा उघडला तो ८ ऑक्टोबर १९५६ चा, वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेतला, पाचवा. न्यूयॉर्क यँकीज २, ब्रुकलिन डॉजर्स ०. हाच तो यँकीजचा पिचर डॉन लार्सनचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर पोहोचू न दिलेला सामना. डॉजर्सचा ताळा तोंडी होतो: २७ आले, २७ गेले. पण खरी गंमत यँकीजच्या रकान्यात आहे. २६ ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या; यात वॉक आणि सॅक्रिफाइस धरत नाहीत), २ वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) आणि खुद्द लार्सनने मारलेला एक सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा हलका टोला), म्हणजे २९. समोर २ धावा आणि २४ बाद, म्हणजे आठ इनिंगचे प्रत्येकी तीन, कारण नंतर बॅटिंग करणारा यजमान संघ जिंकत असल्याने नवव्या इनिंगमध्ये त्यांना बॅटिंग करावीच लागली नाही. उरले ३. आता बेसवर अडकलेले तीनच असले पाहिजेत.

तीनच होते! फक्त तो आकडा सापडायला मला तीन वेळा बोट लावावं लागलं. एलओबी, म्हणजे अडकलेल्यांचा आकडा, ॲपने पार तळाशी, घडी घातलेल्या टिपांत कोंबलाय. नवे सामने उघडले तर पहिल्या पडद्यावर काय, तर चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला त्याची रंगीत वर्तुळं. दिसतात छान. पण धाव कुठे हुकली ते वर्तुळ सांगत नाही.

दुसरी परीक्षा १९ सप्टेंबर २०२४ च्या सामन्याची. मायामीत डॉजर्सनी मार्लिन्सना २०-४ असं धुतलं. शोहेई ओहतानी: ६ पैकी ६ हिट, ३ होम रन (मैदानाबाहेरचे टोले), २ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे हिट), १० आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेल्या धावा), २ स्टील (चोरलेले बेस), मोसमात ५० होम रन आणि ५० स्टील करणारा पहिलाच खेळाडू. ॲपने हे सगळं अचूक दिलं, तक्रार नाही. पण त्याची ओळ वाचून तो त्या दिवशी एकदाही बाद झाला नाही असंच वाटेल. झाला होता. तिसऱ्या इनिंगमध्ये डबल मारून तिसऱ्या बेसकडे धावला आणि तिथे टिपला गेला. हिट हिशेबात राहिली, बाद मात्र ओळीत नाही. ते कळायला चेंडूवार वर्णन उघडावं लागतं, आणि ते उघडताना ॲप हमखास अडखळतं.

फोनवर येणाऱ्या सूचनांबद्दल (नोटिफिकेशन) थोडक्यात: बंद करा. मी सामना नंतर निवांत बघणारा माणूस, आणि फोनने निकाल दोनदा फोडलाय.

बॉक्स स्कोअर रुजवला तो हेन्री चॅडविकने. जन्माने इंग्रज, आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. स्ट्राइकआउटसाठी, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होण्यासाठी, ‘के’ हे अक्षरही त्याचंच. म्हणजे हा कागद आमच्याच घराण्यातला निघाला, हे कळल्यावर मला जरा जास्तच राग आला.

आकड्यांच्या अचूकतेला पाच, मांडणीला दीड. गोळाबेरीज तीन तारे. वर्गणी संपायला दोन महिने आहेत. तोवर एलओबी पहिल्या पडद्यावर आणला तर चौथा तारा देईन आणि पुढच्या वर्षाचे पैसेही भरेन.