गाडी खोलल्यावर ‘निघालेली’ कामे आणि तिप्पट झालेले बिल

जुनी गाडी विकत घेऊन काही महिने झाले होते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढे, पण गाडी मात्र वेग घेत नसे. क्लच, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचवणारी जोडणी, घसरत असल्याचे हे ठळक लक्षण आहे आणि गॅरेजमध्येही चालवून पाहिल्यावर तेच निदान झाले. जॉब कार्डवर, म्हणजे ठरलेली कामे लिहिण्याच्या गॅरेजच्या कागदावर, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी एवढ्या चार बाबी लिहिल्या गेल्या, समोर अंदाजे रक्कम टाकली गेली आणि मी खाली सही केली. याव्यतिरिक्त काही करावे लागले तर आधी फोन करून विचारावे, हे मी तोंडी तर सांगितलेच, पण कार्डावरही लिहवून घेतले. पुढे मला जे थोडेफार परत मिळाले, ते मुख्यतः या एका ओळीमुळे मिळाले.

फोन आला तो थेट गाडी तयार असल्याचा. बिल अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट होते. क्लचच्या तीन भागांखेरीज त्यात फ्लायव्हील (इंजिनच्या मागे बसणारे, क्लच ज्याला धरतो ते जड चाक), इंजिनच्या मागच्या बाजूचे ऑइल सील (तेल गळू न देणारे कडे), गिअरबॉक्सचे ५ लिटर ऑइल आणि पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकत्या) होत्या. शिवाय प्रत्येक कामाची मजुरी वेगळी लावलेली होती. मी विचारले तेव्हा गॅरेजचे मालक अगदी शांतपणे म्हणाले, “मॅडम, गाडी खोलल्यावर कामं निघतातच. जुनी गाडी आहे, आधीच्या मालकाने काही बघितलेलंच नव्हतं.”

या उत्तराची अडचण अशी की ते सर्वस्वी खोटे नसते. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि तो उतरला की एरवी न दिसणारे भाग समोर येतात. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग किंवा बारीक तडे दिसले तर त्याचा विचार करणे योग्यच असते. मागचे सील तेल सोडत असेल तर ते त्याच वेळी बदलण्यात शहाणपण असते, कारण पुढे त्याच कामासाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागतो. परंतु एखादे काम आवश्यक असू शकते म्हणजे ते केले गेले असे होत नाही, आणि केले गेले असले तरी गाडीच्या मालकाला न विचारता करण्याची मुभा मिळत नाही. आवश्यक होते का, विचारले होते का आणि खरोखर केले का, हे तीन प्रश्न गॅरेजवाला एकाच उत्तरात गुंडाळतो. बिलावर आक्षेप घेणाऱ्याने ते प्रत्येक ओळीला वेगवेगळे विचारले पाहिजेत. ‘बिल फार झाले’ एवढीच तक्रार केली, तर थोडी सूट देऊन ती मिटवली जाते आणि खोट्या ओळी तशाच राहतात.

मी मजुरीपासून सुरुवात केली. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे, फ्लायव्हीलसाठी गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे आणि सीलसाठी पुन्हा तेच, अशी एकाच कामाची मजुरी तीन ठिकाणी लावलेली होती. वास्तविक गिअरबॉक्स एकदाच खाली येतो. तो खाली असताना फ्लायव्हीलचे बोल्ट सोडणे आणि सील बदलणे ही केवळ वाढीव कामे असतात आणि मजुरीही तेवढ्याच वाढीव वेळेची असायला हवी. गाडी बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक कामाला किती वेळ लागावा याचे प्रमाण ठरवतात आणि त्यात एकमेकांत मिसळणारी कामे विचारात घेतलेली असतात. बिलात सर्वांत जास्त फुगवटा याच जागी असतो आणि ग्राहकाचे लक्ष मात्र सुट्या भागांच्या किमतीकडे असते.

ऑइलचा प्रश्न गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेने सोडवला. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये सुमारे २ लिटर ऑइल बसते, असे तिच्यात स्पष्ट छापलेले आहे. त्याहून जास्त भरले तर ते भरण्याच्या छिद्रातूनच बाहेर येते. ५ लिटर कोठे गेले, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

डिस्कचे प्रकरण मला सर्वांत संतापजनक वाटले, कारण ब्रेकसारख्या जिवाशी संबंधित भागाबाबत खोटे बोलले गेले होते. ब्रेक दाबल्यावर डिस्कला चिमटीत धरणारे ब्रेक पॅड तिच्या पूर्ण पृष्ठभागावर घासत नाहीत, बाहेरच्या काठाशी एक अरुंद पट्टी सुटते. वापराने घासलेला भाग खोल जातो आणि न घासलेली पट्टी उंच राहते, त्यामुळे जुन्या डिस्कच्या काठाला बोटाला जाणवेल अशी कड तयार होते. नव्या डिस्कला ती नसते. गाडी गार असताना चाकाच्या आऱ्यांमधून बॅटरीचा प्रकाश टाकून मी पाहिले, तर दोन्ही बाजूंना ती कड होती आणि तिच्यावर मुरलेला तपकिरी गंज होता. मी बोट आत घालून कड चाचपली आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढली. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते; त्यामुळे डिस्क बदलायला हवी असे कोणी सांगितले, तर तो आकडा आणि व्हर्नियर या मोजपट्टीने मोजलेली जाडी दोन्ही दाखवण्याचा आग्रह धरता येतो.

काढलेले जुने भाग दाखवा म्हटल्यावर ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. हे उत्तर बहुतेकांना मिळते. अल्टरनेटर किंवा स्टार्टरसारखे काही भाग अदलाबदलीत पुरवठादाराकडे परत जातात हे खरे आहे, पण परत पाठवण्याआधी ते ग्राहकाला दाखवण्यात कसलीच अडचण नसते. जुने भाग आणि नव्या भागांची भाग-क्रमांक असलेली खोकी गाडीत ठेवावीत, ही सूचना काम सुरू होण्यापूर्वी लिहून दिली, तर न बसवलेला भाग बिलात घालणे फार अवघड होऊन बसते.

आता गाडी ताब्यात घेण्याविषयी. पूर्ण पैसे दिल्याशिवाय किल्ली मिळणार नाही, असे मला सांगण्यात आले. दुरुस्ती करणाऱ्याला त्याची न्याय्य मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क अनेक देशांच्या कायद्यांत मान्य केलेला आहे; म्हणून दुसऱ्या किल्लीने गाडी परस्पर घेऊन जाण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये, त्यातून ग्राहकच अडचणीत येतो. मी रक्कम बँकेतून भरली, रोख दिली नाही, आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘क्रमांक ४ पासून पुढील बाबींस माझी हरकत आहे, गाडी ताब्यात मिळावी म्हणून, हक्क राखून रक्कम भरत आहे’ असे लिहून खाली तारीख घातली. मालकांनी आढेवेढे घेतले, पण पैसे समोर असल्यामुळे सही केली. निमूटपणे भरलेले पैसे पुढे संमती म्हणून दाखवले जाऊ शकतात, म्हणून ही ओळ महत्त्वाची आहे.

तेथून गाडी सरळ दुसऱ्या एका अनुभवी मेकॅनिककडे नेली. गाडी जितकी जास्त चालेल, तितके ‘नंतर झिजले’ म्हणायला वाव मिळतो. फ्लायव्हील पाहायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल अशी माझी समजूत होती, आणि गॅरेजवाल्यांचीही भिस्त बहुधा त्याच्यावरच असावी. या मेकॅनिकने केवळ स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करताना फ्लायव्हीलचे दाते फिरवणारी मोटर, काढला. त्या जागेतून फ्लायव्हीलच्या कडेचे दाते दिसतात. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांपैकी एका जागी थांबते, त्यामुळे स्टार्टर तेथेच पुन्हा पुन्हा दात्यांना भिडतो आणि समोरासमोरच्या त्या दोन जागी दाते अधिक झिजतात. इंजिन हाताने फिरवत त्यांनी मला दोन्ही जागा दाखवल्या. दात्यांची टोके बोथट आणि चकचकीत झालेली होती. नुकत्याच बसवलेल्या फ्लायव्हीलवर असे असणे शक्य नाही. क्लचप्लेट मात्र नवी असावी असे त्यांचे मत पडले, कारण गाडी चढावर आता घसरत नव्हती. त्यांनी तपासणीचा अहवाल गाडीच्या नोंदणी क्रमांकासह आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहून दिला.

त्यानंतर मी गॅरेजला पत्र लिहिले. त्यात फसवणूक, चोरी असे शब्द जाणीवपूर्वक टाळले. कोणती बाब, किती रक्कम, त्याविरुद्ध कोणता पुरावा आणि किती रक्कम परत हवी, एवढेच एकेका ओळीला धरून लिहिले. उत्तराची मुदत दिली आणि मुदतीनंतर ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाईन असे नमूद केले. जॉब कार्ड, बिल, पुस्तिकेचे पान, छायाचित्रे आणि अहवाल यांच्या प्रती जोडल्या. पोच मिळेल अशाच पद्धतीने ते पाठवले.

आधी फोन आले. ‘मुलांकडून चूक झाली’, ‘पुढची सर्व्हिसिंग मोफत करून देतो’ असे सांगितले गेले. ज्यांनी न बदललेल्या ब्रेक डिस्क बदलल्या म्हणून सांगितले, त्यांच्या हाती गाडी पुन्हा देण्याचा प्रश्नच नव्हता. जे काही बोलायचे ते लेखी कळवावे, असे मी प्रत्येक वेळी सांगितले. मुदत संपण्याच्या सुमारास डिस्क, फ्लायव्हील, जादा ऑइल आणि दुबार लावलेली मजुरी यांची रक्कम खात्यात जमा झाली. सीलचे पैसे त्यांनी परत केले नाहीत आणि गिअरबॉक्स उतरवल्याखेरीज ते सिद्धही करता येत नसल्यामुळे मी ती बाब सोडून दिली. दुसऱ्या मेकॅनिकच्या तपासणीचा खर्चही त्यांनी नाकारला. तो मात्र मी सोडलेला नाही. तेवढ्या रकमेची लेखी तक्रार मी दाखल केली आहे.