ट्रॅक्टर सुरू होईना तेव्हा साधा मल्टिमीटर किती कामाचा : हंगामभर वापरल्यानंतरचा अनुभव

द्राक्षबागेत ब्लोअर चालवणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरसाठी मी काही महिन्यांपासून साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, करंट मोजणारे छोटे उपकरण, वापरत आहे. निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि अशा पहाटे सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला की बहुतेक जण बॅटरी गेली असे म्हणून मोकळे होतात. हा दोष बॅटरीचा, केबलचा की स्टार्टरचा (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा), हे हंगामाच्या घाईत घरच्या घरी ठरवता येणे हाच या मीटरचा खरा उपयोग आहे.

नुसत्या उभ्या ट्रॅक्टरवर घेतलेल्या रीडिंगवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे आणि १२.२ दिसले तर साधारण निम्मी उतरली आहे, इतकेच त्यातून कळते. परंतु आतील प्लेटा खराब झालेली बॅटरीही विश्रांतीत चांगला आकडा दाखवू शकते. म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक लावून आणि इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे व त्याच वेळी मीटर पाहावा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी त्या क्षणी सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर एक तर ती थकलेली आहे, नाही तर स्टार्टर प्रमाणाबाहेर करंट ओढत आहे.

मला सर्वांत मोलाची वाटलेली चाचणी अर्थिंगची, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतच्या जोडणीची आहे. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच टेकवायची, केबलच्या क्लॅम्पवर नव्हे. दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या, स्वच्छ लोखंडावर टेकवून सेल्फ मारायचा. येथे साधारण ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर करंट वाटेतच अडत आहे. आमच्याकडे चॅसीवरील बोल्टखाली गंज धरला होता. फवारणीच्या औषधांचा ओलावा सतत लागणाऱ्या ट्रॅक्टरवर असे होण्याची शक्यता अधिक असते. तो घासून, बोल्ट घट्ट केल्यावर तीच बॅटरी हंगामभर चालली. नवीन बॅटरीचे काही हजार रुपये वाचले. पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा मोठा बोल्ट या वाटेवर अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते.

इंजिन जोरात फिरते पण पेटत नाही, तेव्हा मीटरचा उपयोग मर्यादित राहतो. धुराड्यातून पांढरा धूरही येत नसेल, तर डिझेल पोहोचत नाही असे समजून फिल्टर पाहावा, त्यावरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हँडपंपाने एअर काढावी. ज्या ट्रॅक्टरवर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आहे, तेथे मात्र चावी फिरवल्यावर त्याला १२ व्होल्ट मिळतात की नाही हे मीटरच सांगतो.

स्वस्त मीटरची एक उणीव गंभीर आहे : आतील ९ व्होल्टचा सेल उतरला की आकडे वाढीव दिसू लागतात आणि मरायला टेकलेली ट्रॅक्टरची बॅटरीही ठणठणीत भासते. पडद्यावर सेलचे चिन्ह दिसताच तो बदलावा. १० अँपिअरच्या सॉकेटमधून स्टार्टरचा करंट मोजण्याचा प्रयत्न कदापि करू नये. तो शंभराहून कितीतरी अधिक अँपिअर असतो, आणि त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटरच लागतो. स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरचे बोल्ट जोडण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण त्यात न्यूट्रलचा सुरक्षा स्विच बाजूला पडतो आणि गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर समोरच्या माणसाच्या अंगावर जातो.

घेताना पिनांसोबत चिमट्याच्या वायरी मिळतात का ते पाहावे. एकटा माणूस सीटवर बसून सेल्फ मारताना आकडा वाचू शकतो, तो त्यांच्यामुळेच.