शाळेतलं स्पॅनिश: पहिल्या वर्षाचा अनुभव

लेकीने सहावीत परदेशी भाषा म्हणून स्पॅनिश घेतलं, आता वर्ष संपलं म्हणून लिहितेय, कारण विषय निवडताना मला कुणाचाच असा अनुभव वाचायला मिळाला नव्हता.

उच्चार मस्त करून घेतले. रोमन अक्षरं बघून मुलं सगळीकडे ट, ड करतात, पण टीचरनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की स्पॅनिशचे टी आणि डी म्हणजे आपले त, द. एच तर बोलायचाच नाही, म्हणून hola (नमस्कार) म्हणताना ओला. नियम थोडे आणि पक्के, त्यामुळे दोन महिन्यांत पोरगी अर्थ नाही कळला तरी कुठलाही उतारा घडाघडा वाचायला लागली.

तक्रार एकच पण मोठी, व्याकरण सगळं इंग्रजीतून. 'मे गुस्ता' म्हणजे 'आय लाइक' असं वहीत लिहून दिलं आणि मग अर्धा वर्ग 'यो गुस्तो' ('यो' म्हणजे मी) लिहून मार्क घालवून बसला. अहो ते सरळ 'मला आवडतं' आहे! मे गुस्ता एल लिब्रो, मला पुस्तक आवडतं, पुस्तकं जास्त असली की गुस्तान, म्हणजे आवडतात. घरी असं सांगितल्यावर तिला दोन मिनिटांत कळलं. तू आणि उस्तेदचंही तेच, ज्याच्या भाषेत तू-तुम्ही आहे त्याला वेगळं काय समजवायचं? खरं अवघड आहे ते सेर आणि एस्तार, दोन्हींचा अर्थ 'असणे'. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलाय. याला जेमतेम दोन तास दिले, फार कमी.

संस्कृतीचा भाग मात्र मला सगळ्यात आवडला. नुसतं स्पेन नाही, स्पॅनिश राजभाषा असलेले २० देश मुलांनी नकाशात रंगवले, त्यात आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनीसुद्धा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोतला दिआ दे मुएर्तोस, गेलेल्या माणसांची आठवण काढायचा सण, त्यासाठी वर्गात कागदी पताका आणि झेंडूची फुलं लावून सजावट केली, आणि झेंडू मूळचा तिकडचाच हे मलाही तेव्हाच कळलं. तिथे वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं लावतात हे ऐकल्यापासून लेक स्पॅनिशच्या वहीवर माझंही आडनाव लिहिते, ते बघून फार बरं वाटतं.

परीक्षा पूर्ण लेखी होती, बोलण्याला एक मार्क नाही. पुढच्या वर्षीही घेतोय, फक्त रोज पाच मिनिटं तरी मुलांना आपापसात बोलू द्या असं शाळेला लिहून दिलंय.